घाणेरी, उंबर आणि कायदा

घाणेरीचे झुडूप उपटणे हा गुन्हा ठरू शकतो, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणलेली ही परदेशी वनस्पती आज रानोरान माजली आहे. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही. मग चितळ-सांबरांनी चरायचे काय? तरीही अभयारण्यात ती कुणालाही आपल्या मर्जीने काढता येत नाही. कारण 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील ‘वन्यजीव’ या शब्दात अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही येते. कलम 29 नुसार ती काढायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि वन्यजीवांच्या हितासाठी ते आवश्यक असल्याची राज्य शासनाची खात्री व्हावी लागते.

याच कायद्यात 1991 साली नीलवांडा, घटपर्णी अशा 6 संरक्षित वनस्पतींची अनुसूची आली. ‘आक्रमक परकीय प्रजाती’ ही व्याख्या मात्र 2022 च्या दुरुस्तीने आली. अशा प्रजातींची आयात, व्यापार आणि प्रसार रोखण्याचा अधिकार त्यामुळे केंद्र शासनाला मिळाला. सामान्य नागरिकाला अभयारण्यात कुदळ चालवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

अभयारण्याबाहेर महाराष्ट्राचे दोन कायदे लागू होतात. शहरांत 1975 चा झाडे जतन कायदा आहे. त्यात झाड देशी की परदेशी हा प्रश्नच नाही. मेक्सिकोकडची सुबाभूळ तोडायची असो वा आपला कडुनिंब, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवीच. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटले.

ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा लागतो. तो फक्त अनुसूचीतल्या झाडांपुरता आहे. साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, मोह अशी लाकूड-फळांच्या उपयोगाची नावे त्यात प्रामुख्याने दिसतात. वड, पिंपळ, उंबर त्यात नाहीत. म्हणजे शहरातल्या सुबाभळीला जे संरक्षण आहे, ते खेड्यातल्या बांधावरच्या उंबराला हा कायदा देत नाही.

म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: जागा कोणत्या कायद्याखाली येते, झाड अनुसूचीत आहे का, आणि परवानगी कुणाची लागते. त्या झाडावर किती पाखरे जगतात, हे मात्र 1964 ची अनुसूची विचारत नाही. बांधावरचा उंबर राखायचा की तोडायचा, हा निर्णय आजही बहुधा शेतमालकाच्याच हाती आहे.