साताऱ्याच्या पोरींचा ‘डी’मध्ये धडाका

२६ जानेवारी २०२५, रांची. महिलांच्या हॉकी इंडिया लीगची पहिलीवहिली फायनल. ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा हॉकी क्लब १-१ बरोबरीत. घड्याळात जेमतेम चार मिनिटं उरलेली आणि ५६व्या मिनिटाला चेंडू जाळ्यात! ओडिशा २-१, ट्रॉफी ओडिशाची, दीड कोटीचं बक्षीसही ओडिशाचं. त्याआधी २०व्या मिनिटाला ओडिशाचा पहिला गोल झाला होता. दोन्ही गोलांपुढे नाव एकच: ऋतुजा दादासो पिसाळ, जिल्हा सातारा.

त्या दिवशी मैदानात कोण कोण होतं हे पाहिलं की या दोन गोलांचं वजन कळतं. ऋतुजाच्याच संघात नेदरलँड्सची यिब्बी यान्सन होती. पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्णपदक गळ्यात असलेली ही खेळाडू लीगच्या लिलावातली सगळ्यात महागडी परदेशी, बोली २९ लाखांची. समोर सूरमाची कर्णधार सलीमा टेटे, म्हणजे खुद्द भारताची कर्णधार. सूरमानं बेल्जियमची शार्लोट एंगलबर्टसुद्धा संघात घेतलेली. एवढ्या नामवंतांच्या गर्दीत फायनल जिंकून दिली ती सातारी पोरीनं. आपल्याकडे यावर गावोगाव फ्लेक्स लागायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

मैदानाचाही किस्सा आहे

ही फायनल झाली ते मैदान मरांग गोमके जयपाल सिंग यांच्या नावाचं. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय हॉकी संघाचे हे कर्णधार. त्या स्पर्धेत भारतानं बेल्जियमला किती गोलांनी हरवलं? ९-० !

गोल करायचा तर आत या

हॉकीत लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला तरी गोल धरत नाहीत. गोलपोस्टपासून १४.६३ मीटरवर आखलेला अर्धगोल, म्हणजे ‘डी’, तिथं आक्रमण करणाऱ्या खेळाडूची स्टिक चेंडूला लागलीच पाहिजे. दोन गोलपोस्टमधलं अंतर अवघं ३.६६ मीटर. मध्ये नखशिखान्त पॅड चढवलेली गोलकीपर, आजूबाजूला चार-पाच बचावपटू, आणि टर्फवरून सपाट्यानं येणारा दीडशे ग्रॅमहून जड टणक चेंडू. त्यात स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि गोलाकार बाजूनं चेंडू खेळला की फाऊल. स्टिक फक्त उजव्या हाताच्या खेळाडूंसाठीच बनते, डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नाहीच. त्यामुळे डाव्या बाजूला आलेला चेंडू अडवायला मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. फॉरवर्डला अख्ख्या सामन्यात अशा दोन-तीनच संधी मिळतात. ऋतुजानं फायनलमध्ये दोन संधींचं सोनं केलं.

आसूची वैष्णवी

फलटण तालुक्यात नीरेकाठच्या भागात आसू नावाचं गाव आहे. वैष्णवी विठ्ठल फाळके तिथली. साताऱ्याच्या या हॉकीपटू पोरींत मला तिचा खेळ विशेष आवडतो, कारण ती मधल्या फळीतही खेळते, बचावातही खेळते आणि मधूनच पुढं येऊन गोलही करते. २०२३ला रांचीत आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी झाली. उपांत्य सामन्यात कोरियाला भारतानं २-० हरवलं. एक गोल सलीमाचा, दुसरा वैष्णवीचा. फायनलमध्ये जपानचा ४-० फडशा पाडून ट्रॉफी भारतानं घेतली. पुढच्याच वर्षी बिहारमधल्या राजगीरला चीनला १-० नमवून ट्रॉफी राखली, त्या संघातही वैष्णवी होतीच. त्याआधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेतलं ब्राँझ. फेब्रुवारी २०२५मध्ये प्रो लीगला भुवनेश्वरात इंग्लंडवर ३-२ असा विजय मिळाला, तेव्हा सहाव्याच मिनिटाला खातं उघडलं तेही तिनंच.

सगळेच दिवस सोन्याचे नव्हते. जानेवारी २०२४मध्ये रांचीतच पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा होती. उपांत्य सामना जर्मनीशी, २-२, मग शूटआऊट, आणि तिथं ३-४ हार. नंतर जपानकडून ०-१. पॅरिसचं तिकीट हुकलं. २०२४-२५च्या प्रो लीगमध्येही भारत तळाला राहिला.

पहिला आमचा, शेवटचाही आमचा

माझ्या सगळ्यात आवडीची नोंद ही. सप्टेंबर २०२५, हांगझो, आशिया कप, सुपर फोरमध्ये भारत विरुद्ध कोरिया. भारत ४-२ जिंकला. दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल वैष्णवी फाळकेचा. ५९व्या मिनिटाला शेवटचा गोल ऋतुजा पिसाळचा. मधले दोन संगीता कुमारी आणि लालरेमसियामीचे. सामन्याचं दारही सातारकरांनी उघडलं आणि कडीही सातारकरांनीच लावली. फायनलमध्ये चीननं हरवल्यानं रौप्यावर थांबावं लागलं, पण हा स्कोअरकार्ड कापून ठेवण्यासारखा आहे.

बापाचं नाव स्कोअरबोर्डवर

परदेशातल्या स्पर्धांच्या यादीत या मुली झटकन सापडतात, कारण त्यांची नावं पूर्ण लिहिलेली असतात. अक्षता आबासो ढेकळे. ऋतुजा दादासो पिसाळ. शाळेच्या हजेरीपटावर असतं तसं थेट चिली आणि जपानपर्यंत. आबासो-दादासो ही खास आपल्याकडची नावं परदेशी निवेदक जिभेला वळण देत उच्चारतात, तेव्हा ऐकायला फार भारी वाटतं.

अक्षता फलटण तालुक्यातल्या वाखरीची. एप्रिल २०२२मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोचेफस्ट्रूमला ज्युनियर विश्वचषक झाला, तिथं ती आणि वैष्णवी एकाच भारतीय संघात होत्या. वीस जणींच्या संघात एकाच तालुक्यातल्या दोघी! भारतानं गटात जर्मनीलाही हरवलं, उपांत्यपूर्व सामन्यात कोरियाला ३-०. ब्राँझ इंग्लंडनं शूटआऊटमध्ये हिरावलं आणि चौथा नंबर आला. मग २०२३मध्ये जपानच्या काकामिगाहारात कोरियाला २-१ हरवून भारतानं ज्युनियर आशिया कप पहिल्यांदाच जिंकला. त्या संघात ऋतुजा.

बेल्जियमचा हिशेब

१९२८ला नऊ गोल खाणाऱ्या बेल्जियमनं पुढं काय केलं? २०१६ला रिओत रौप्य. २०१८ला आपल्याच भुवनेश्वरात विश्वविजेतेपद. टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या पुरुष संघाला ५-२ हरवलं, त्यात तीन गोल एकट्या अलेक्झांडर हेंड्रिक्सचे, आणि पुढं सुवर्ण. त्यांचा बचावपटू आर्थर व्हॅन डोरेन २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं जगातला सर्वोत्तम हॉकीपटू ठरला. हा देश केवढा? सातारा आणि सांगली जिल्ह्यांचं क्षेत्रफळ एकत्र करा, त्याच्या साधारण दीडपट. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत. तिथं क्लबाक्लबात टर्फ आहे, लहान मुलं पहिल्यापासून त्याच्यावरच खेळतात. मुरमाड मैदानावर शिकलेल्या मुलीला टर्फवर गेल्यावर चेंडू थांबवण्यापासून सगळं नव्यानं शिकावं लागतं, कारण तिथं चेंडू उसळत नाही, सरपटत सुसाट येतो. आपल्याकडेही तालुक्याला एक टर्फ झालं, तर काय होईल याचा विचार क्रीडा खात्यानं जरूर करावा. २०२६च्या विश्वचषकाचं यजमानपद बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोघांकडे मिळून दिलेलं आहे.

आणि सांगली?

शेजारचे सांगलीकर हॉकीत मागे दिसतात, बाकी खेळांत अजिबात नाही. स्मृती मानधना तर घराघरात पोचलेली, नोव्हेंबर २०२५मध्ये क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची उपकर्णधार. संकेत सरगर २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला, कोपर दुखावलेलं असताना. सुवर्ण हुकलं ते फक्त एका किलोनं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक जिंकला.

जाता जाता एक जुनी नोंद. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधून भारतानं दोनच पदकं आणली. एक कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं कुस्तीतलं ब्राँझ, ज्यांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांतून निघाली. दुसरं हॉकीचं सुवर्ण: फायनलमध्ये नेदरलँड्सवर ६-१, आणि त्या सहांपैकी पाच गोल एकट्या बलबीर सिंगचे.