नामांतराच्या आठवणी जपणारा बिनखर्ची ब्लॉग

ताडकळससारख्या गावांत नामांतराचा लढा पाहिलेली पिढी आता थकली आहे. १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांच्या त्यांच्या आठवणी आपण व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि मोबाईल बदलला की गमावतो. त्या टिकवायला स्टॅटिक ब्लॉग उपयोगी पडतो.

नेहमीच्या ब्लॉगचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि वाचक आला की सर्व्हर पान तयार करतो. ह्यूगो किंवा जेकिल ही मोफत सॉफ्टवेअर सगळी पाने आपल्याच संगणकावर आधीच तयार करतात. फोटो हलके ठेवले तर ती कमी नेटवरही पटकन उघडतात.

कृती सोपी आहे. ह्यूगो इन्स्टॉल करून नवी साइट तयार करावी, थीम निवडावी. प्रत्येक आठवणीची वेगळी मार्कडाउन फाइल करून वर शीर्षक आणि तारीख द्यावी. आपल्याच संगणकावर पाहून, तपासून ती गिटहब पेजेसवर चढवावी. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी ही सेवा मोफत आहे. साइटची मर्यादा १ जीबी.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर आधी बदलून घ्यावा, नाहीतर निरर्थक अक्षरे दिसतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगणाऱ्याची संमती. सार्वजनिक रिपॉझिटरीत नंतर पुसलेले नावही जुन्या आवृत्तीत सापडते. अत्याचार सोसलेल्या कुटुंबाचे नाव द्यायचे की नाही, हे फाइल चढवण्याआधीच त्यांना विचारा.

आणि मूळ फोल्डरची एक प्रत बुद्धविहारातल्या पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या कंपनी बंद पडली, तरी आपला इतिहास आपल्याच हातात राहील.