जखमेतल्या अळ्या आणि क्रीममधले ॲलँटॉइन

थंडी पडली की टाचांना भेगा पडतात आणि घरात क्रीमची एखादी नवी ट्यूब येते. ट्यूबच्या मागे, भिंग घेऊनच वाचावी अशा बारीक अक्षरांत, घटकांची यादी असते. त्या यादीत ‘ॲलँटॉइन’ हे नाव बरेचदा सापडते. आफ्टरशेव्ह, लिपबाम, लहान मुलांच्या क्रीम यांतही ते असते. पुढच्या बाजूला मात्र ‘त्वचेला आराम’ आणि ‘त्वचेची दुरुस्ती’ असे दोन दावे शेजारी शेजारी छापलेले असतात. यातला पहिला बराचसा खरा आहे. दुसऱ्याची कथा मोठी आहे आणि ती रणांगणावर सुरू होते.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये विल्यम बेअर या अमेरिकी शल्यचिकित्सकासमोर दोन जखमी सैनिक आणले गेले. मांडीची हाडे मोडलेली, पोटावर जखमा, आणि सात दिवस दोघेही रणांगणावर तसेच पडून होते. त्या काळी अशा जखमांनी माणूस दगावणे नेहमीचेच. पण या दोघांना ताप नव्हता. कपडे काढल्यावर दिसले की, जखमांत अळ्या वळवळत आहेत. त्या धुऊन काढल्या, तर खाली पू नव्हता, छान गुलाबी मांस भरून येत होते. बेअर हे दृश्य विसरले नाहीत. दहाएक वर्षांनी, हाडात पू झालेल्या मुलांच्या जखमांत त्यांनी मुद्दाम अळ्या सोडून उपचार केले.

अळ्या सडलेले मांस खातात हे कळत होते; पण त्या आणखी काही सोडतात का? अमेरिकेच्या कृषी खात्यातील कीटकशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९३५ मध्ये अळ्यांच्या उत्सर्गातल्या ॲलँटॉइनकडे बोट दाखवले. कॉम्फ्री या युरोपातल्या जुन्या जखमेच्या औषधी वनस्पतीतही तेच द्रव्य होते. अळ्यांची किळस नको आणि गुण मात्र हवा, असे सगळ्यांनाच वाटत होते. मग काय, ॲलँटॉइन बाटलीत आले.

हे द्रव्य युरिक ॲसिडपासून तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचे विकर युरिक ॲसिडचे ॲलँटॉइन करून टाकते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. माणसाच्या पूर्वजांनी हे विकर एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी गमावले. आपल्याला गाऊट होतो त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनला मात्र ॲलँटॉइन नवे नाही. मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र बांधतात, तो पानांकडे पोचवण्यासाठी हे पीक ॲलँटॉइन वापरते. गाईच्या मूत्रातही ते असते. म्हणून कुणी ते भेगांवर चोळू नये! क्रीममधले ॲलँटॉइन कारखान्यात, युरियासारख्या साध्या रसायनांपासून बनते.

त्वचेवर ते काय करते? वरच्या मृत थरातले केराटिन थोडे सैल करते, त्यामुळे खरखरीत थर सुटतो आणि उरलेला थर पाणी धरून ठेवतो. चुरचुर कमी वाटते. फारसे कुणाला ते बाधतही नाही. अमेरिकेच्या नियमांत त्वचारक्षक म्हणून त्याचे प्रमाण अर्धा ते दोन टक्के ठरवून दिले आहे. पाण्यात ते जेमतेम अर्धा टक्का विरघळते, त्यामुळे पातळ ‘सीरम’मध्ये ते भरपूर असल्याची जाहिरात वाचली तर मी तरी भुवई उंचावतो.

आता दुसरा दावा. एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात आजारात मुलांची कातडी नुसत्या घासण्याने सोलवटते. त्यांच्यासाठी सहा टक्के ॲलँटॉइनची क्रीम बनवली गेली आणि पालकांनी फार आशा लावली. मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांना तीच क्रीम ॲलँटॉइन वगळून दिली होती. २०१७ मध्ये निकाल आला: जखमा भरण्यात दोन गटांत फरक दिसला नाही. म्हणजे अळ्यांच्या यशाचे श्रेय एका रेणूला देण्यात घाई झाली होती. अळ्या सडका भाग काढतात, जंतू मारणारे इतर स्रावही सोडतात.

त्यामुळे भेगा साध्या कोरड्या असतील तर महागड्या ट्यूबचा हट्ट नको. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, टिपून, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावून मोजे घातले तरी पुष्कळ काम होते. ॲलँटॉइन असले तर बरेच, नसले तरी अडत नाही. मात्र मेडिकलमधून कुणी सांगितले म्हणून ‘लगेच आराम देणारी’ स्टेरॉइडमिश्रित ट्यूब आणू नका. तिने खाज दोन दिवसांत थांबते, पण आत गजकर्ण असेल तर ते पसरते आणि कातडी पातळ होते. आणि घरात मधुमेही व्यक्ती असेल तर तिचे तळवे रोज रात्री तुम्ही स्वतः पाहा, कारण बधिर पायाला भेग दुखत नाही. भेगेतून रक्त, पाणी किंवा वास येत असेल, भोवती लाली किंवा ऊब जाणवत असेल, तर ट्यूब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.