परसाच्या कोपऱ्यात काय लावावे?

बागेत काय लावावे हा प्रश्न आपण बहुधा डोळ्यांना विचारतो, आणि डोळे बोगनवेल किंवा गुलमोहर सांगून मोकळे होतात. औरादच्या आमच्या जुन्या घराच्या परसातले घाणेरीचे रान यंदा मुळासकट खणून काढले, तेव्हा रिकाम्या झालेल्या कोपऱ्याबद्दल हा प्रश्न फुलपाखरांना आणि बुलबुलांना विचारावा असे मी ठरविले.

औराद हे बीदर जिल्ह्यातले अमरेश्वराचे गाव. १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात, आता कर्नाटकात. मराठी आणि कानडी येथे शेजारशेजारच्या ओसरीवर नांदतात. याच हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अलींनी १९३१-३२ साली केली होती. या कोरड्या मुलखातील पाखरे मोजण्याजोगी आहेत, हे जाणत्यांनी केव्हाच ओळखले होते म्हणावयाचे.

घाणेरी मूळची अमेरिकेतली. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते हे खरे, आणि म्हणून ती काढताना शेजारी हळहळलेही. परंतु फुलातला मध हा नुसता पाहुणचार झाला. संसार मांडावयाचा तर अंडी घालण्यास पान हवे, आणि बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठराविक झाडांचीच पाने खातात. घाणेरीचे पान त्यांच्या फारसे कामाचे नाही. तेव्हा आधी पान पाहावे, मग फूल.

या कसोटीला पहिली उतरली ती रुई. काकू म्हणाल्या, "अरे, रुई ही ओसाड घराची खूण. दारात कशाला?" मी म्हटले, "काकू, शनिवारी मारुतीला हार तुम्हीच घालता ना?" रुईच्या विषारी चिकावर वाढणारी अळी पुढे काळ्या किनारीचे नारिंगी फुलपाखरू होते, आणि त्या विषामुळे पाखरे सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. मुलांचा हात चिकाला लागू नये म्हणून रुई कडेला लावली.

विहिरीजवळ कढीलिंब. त्यावरची कोवळी अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्या सोंगावरच जगते. मध्ये तरवड; तिची पाने पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांना, तर सोनेरी फुले आपल्या डोळ्यांना. शेजारच्या तेलंगणाने हेच आपले राज्यपुष्प मानले आहे. कुंपणाला बोर. तिची फळे बुलबुलांना आणि पोरांना, काटे घरट्याच्या राखणीला. एका टोकाला पळस. फाल्गुनात त्याच्या फुलांवर साळुंक्यांची आणि सूर्यपक्ष्यांची पंगत बसेल.

आमची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात चिखल धरते. म्हणून रोपे वरंब्यावर, मृगाच्या पहिल्या पावसानंतर लावली. पालापाचोळा तेथेच ठेवला, सरड्यांसाठी दगडांचा ढीग रचला, पाण्याला पसरट परळ मांडला आणि औषधाची फवारणी वर्ज्य केली.

पाने कुरतडलेली दिसली की काकू आता विचारतात, "तुझी पाहुणी जेवली वाटतं?" वाड्यांचे परस आता आक्रसले आहेत, हे मी जाणतो. परंतु गच्चीवरच्या कुंडीतही कढीलिंब येतो. त्याची चार पाने फोडणीला घ्यावी, आणि चार दुसऱ्या कोणासाठी झाडावर राहू द्यावी.