श्वासमार्गाचे दोन पहारेकरी

स्वयंपाकघरांत मिरचीची फोडणी पडली कीं माजघरांत बसलेल्या माणसासहि ठसका लागतो. या नित्याच्या अनुभवांत आपल्या श्वासमार्गाच्या दोन पहारेकऱ्यांपैकीं एकाचें काम आपणांस दिसतें. तो पहारेकरी म्हणजे ज्ञानतंतु. दुसरा म्हणजे रोगाशीं झुंजणाऱ्या पेशी. हे दोघे एकमेकांशीं कसे बोलतात, व त्यांच्या बोलण्यांतून दम्यासारखा विकार कसा बळावतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

प्रथम ज्ञानतंतूंकडे पाहूं. श्वासनलिकांच्या अस्तरांत अति बारीक तंतूंचें जाळें पसरलेलें असतें. त्यांतील बहुतेक तंतु मानेंतून जाणाऱ्या व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या जुडग्यांतून मेंदूच्या तळापर्यंत जातात. फुप्फुसें किती फुगलीं याची वर्दी कांहीं तंतु देतात. कांहीं मात्र धोक्याची वर्दी देतात. धूर किंवा तिखट वाफ लागतांच ते चेततात व खोकला येतो. मिरचींतील कॅप्सायसिन हें द्रव्य या तंतूंवरील ज्या सूक्ष्म दारास उघडतें, तें दार अमेरिकेंतील डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं शोधून काढिलें. सुमारें ४३ अंश सेंटिग्रेडवरील उष्णतेनेंहि तेंच दार उघडतें. म्हणूनच तिखटाचा व चटक्याचा दाह आपणांस सारखा भासतो. ज्यूलियस यांस २०२१ सालीं आर्डेम पाटापूटियन यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां दुसरा पहारेकरी. कोणाच्या शरीरास फुलांचे पराग किंवा धुळींतील किड्यांचे कण शत्रुवत् वाटूं लागतात. ते कण आंत शिरतांच अस्तरांतील मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात. मागाहून रक्तांतून इओसिनोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी येतात. त्यांस बोलावून पोसणारें द्रव्य म्हणजे इंटरल्यूकिन-५. श्वासनलिकेचें अस्तर सुजतें, कफ वाढतो, भोंवतालचे स्नायु आवळतात, आणि मुलाची छाती वाजूं लागते.

ज्ञानतंतु केवळ मेंदूस वर्दी देऊन थांबत नाहींत. त्यांच्या टोंकांतूनहि द्रव्यें पाझरतात. त्यांपैकीं ‘सबस्टन्स पी’ हें द्रव्य फॉन ऑयलर व गॅडम यांस १९३१ सालीं सांपडलें. तें रक्तवाहिन्या रुंदावतें, त्यांतून द्रव झिरपूं देतें, आणि सूज वाढवितें.

या दोघांच्या संभाषणाचा एक उत्तम पुरावा २०१५ सालीं उंदरांवरील प्रयोगांत मिळाला. इंटरल्यूकिन-५ नें वेदनावाहक तंतु चेतले. त्या तंतूंनीं दुसरें एक द्रव्य सोडलें. आणि त्या द्रव्यानें पेशींकडून आणखी इंटरल्यूकिन-५ निघालें. एका पहारेकऱ्याच्या आरोळीनें दुसरा जागा व्हावा, दुसऱ्याच्या आरोळीनें पहिला अधिक ओरडावा, आणि चोर निघून गेला तरी गांवास झोप येऊं नये, तसाच हा प्रकार होय. ते तंतु औषधानें बधिर केले तेव्हां उंदरांच्या फुप्फुसांतील दाह कमी झाला. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें खरें; तथापि वाट कोणत्या दिशेस आहे हें यावरून कळतें.

इंग्लंडांतील डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर यांनीं १८६० सालीं दम्यावर ग्रंथ लिहिला, त्यांत दमा हा मुख्यतः ज्ञानतंतूंचा विकार मानिला होता. असल्या मतांतून पुढें “दमा मनाचा आहे, मूल सोंग करतें” असा एक घातक समज पसरला. ज्ञानतंतूंचा संबंध आहे, हें आज सिद्ध झालें आहे. परंतु ज्ञानतंतु म्हणजे मनाची लहर नव्हे. तें रक्तमांसाचेंच अंग आहे, आणि दाह झालेल्या अस्तरांत तें अधिक हळवें होतें. यास्तव उदबत्तीचा जो धूर इतरांस जाणवतहि नाहीं, त्यानें दमेकरी मुलास खोकल्याची उबळ येते. थंड हवा, धांवणें, पोट धरून हंसणें, यांनींहि तसेंच होतें.

यांतून पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. ओढून घेण्याच्या औषधांत दोन जाती आहेत. एक आवळलेले स्नायु तत्काळ सैल करते, पण तिच्यानें दाह शमत नाहीं. दुसरी हळूहळू दाह शमविते. ती डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें नित्य घ्यावी लागते. मूल आठ दिवस खोकलें नाहीं म्हणून ती आपल्या मनानें बंद करणें म्हणजे निखाऱ्यावर राख बसली असतां विस्तव विझला असें समजणें होय. दुसरी गोष्ट, घरांतील धूर, विशेषतः विडीसिगारेटचा, मुलापासून दूर ठेवावा.

आणि विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, खेळतांना एखादा सोबती धापा टाकीत खालीं बसला तर त्यास हंसूं नका. त्यास ताठ बसवा, त्याचें औषध त्याच्या हातीं द्या, आणि शिक्षकांस हांक मारा.