चुंबक कुणापासून लांब ठेवायचा?

पेन ड्राइव्हजवळ चुंबक नेला तर फोटो पुसले जातील, ही भीती अजून घरोघरी आहे. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइल यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते. साध्या चुंबकाने ती पुसली जात नाही. हार्ड डिस्कवर ती चुंबकीय असते खरी, पण वाचन-लेखनाचा दांडा हलवायला त्याच डिस्कमध्ये ताकदवान निओडिमियम चुंबक बसवलेले असतात! हॉटेलच्या खोलीचं चुंबकीय पट्टीचं कार्ड मात्र सहज पुसलं जातं.

खरी काळजी पेसमेकरची. चुंबक अगदी जवळ आला की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरावीक गतीने स्पंदनं देऊ लागतात. छातीत बसवलेल्या, हृदयाला शॉक देणाऱ्या उपकरणाचा तर शॉकच थांबू शकतो. मोबाइलमध्येही चुंबक असतात, म्हणून अशा रुग्णांनी तो छातीपासून १५ सेंटिमीटरहून लांब ठेवावा. शर्टाच्या खिशात तर नकोच.