फ्रान्सच्या ‘लातूर’ची रेड वाइन कशासोबत घ्यावी?

‘शातो लातूर’ या नावाचा मराठवाड्याशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे बुरूज. बोर्दो भागातील पोइयाकच्या या वाइनरीला १८५५च्या वर्गवारीत पहिला दर्जा मिळाला. तिची बाटली महागडी असते. त्यामुळे सोबतचा पदार्थ चुकला, तर पैसे वाया जातात.

तीन वाइन, तीन जोड्या
• ग्राँ व्हँ : मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची, मुरायला अनेक वर्षे घेणारी. सोबत भाजलेले कोकराचे मांस.
• ले फोर द लातूर : दुसऱ्या क्रमांकाची. सोबत बदक किंवा मशरूम.
• पोइयाक : तुलनेने लवकर पिण्याजोगी. सोबत रोस्ट चिकन किंवा कडक चीज.

मांसच का?
द्राक्षाच्या साली-बियांतील टॅनिनमुळे वाइन तुरट लागते. मांसातील प्रथिने आणि चरबीमुळे हा तुरटपणा मवाळ होतो.

काय टाळावे?
मासळीसोबत अशी वाइन अनेकदा धातूसारखी लागते. झणझणीत रश्श्यासोबत अल्कोहोलमुळे तिखट आणखी झोंबते.

किती थंड हवी?
१६ ते १८ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.